एक सूत अस्तर

कंग्राळी, ता. ११ मार्च १९८४

दाजी,

माझ्या वेल्डिंग मशीनची तार मी स्वतः गुंडाळली आहे. परसात, बाभळीच्या खुंटाला टेकून, एकेक वेढा मोजत. पाइप वाकवायचा ढाचा मोडीतल्या लॉरीच्या आसापासून केला. उचगावच्या गुऱ्हाळात चरकाचा एक दात तुटला होता, तो मी भरला; बाकीचे दात झिजून बदलले, माझा अजून आहे. तुमच्याच वखारीत तंबाखू दाबायचा जो स्क्रू आहे, त्याचे आटे मी कानशीनं पाडलेत, कारण तेव्हा माझ्याकडे लेथ नव्हती. दोन फियाट, एक जीप आणि कॅम्पातल्या डॉक्टरांची जुनी स्टँडर्ड, एवढ्या गाड्यांचे बंच माझ्या हातचे आहेत. आणि लग्नात आक्काला दिलेलं लोखंडी कपाट. त्याच्या दाराला आवाज येतो का, तिला विचारा.

हे सगळं लिहायचं कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य. "ॲम्बॅसडरचा बंच तुम्हाला जमेल का, का कोल्हापूरला विचारू?" विचारा की कोल्हापूरला. मला वाचून तोंड कडू झालं. मी शाळेत पाचवीपर्यंत गेलो. पुढचं सगळं भंगारात बसून शिकलो. पण जमेल का, असं मला अजून कुणी तोंडावर विचारलेलं नाही.

आता तुमचा प्रश्न. इंजिनातला जळका धूर बाहेर काढायला कंपनी बिडाचा एक ओतीव तुकडा देते. तो काढून त्या जागी वाकवलेले मोकळे पाइप एकत्र आणायचे, याला आम्ही बंच म्हणतो. तुमचा तो शेडवाला जोतिबा हेडर म्हणतो. तीन वर्षं आखातात राहून आलेला माणूस, म्हणणारच. तुम्ही लिहिता की तो त्या पाइपांना तिकडच्या रिफायनरीत वापरतात तसलं अस्तर देणार. त्यानं बॉनेटखालची धग कमी होणार आणि तवंदी घाटात पेट्रोल उकळून तुमची गाडी जी बंद पडते, ती पडायची नाही. मग हे करण्यासारखं आहे का?

माझं मत विचाराल तर घाटात सगळे ड्रायव्हर इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकतात आणि पुढं जातात. तेवढ्यानं भागतं. पण तुम्हाला करायचंच असेल तर एक सांगतो. अस्तर म्हटलं की ते आतली जागा खाणार. नळी अरुंद झाली की इंजिनाचा श्वास कोंडला. म्हणून अस्तर किती जाडीचं, ते एका ओळीत कळवा. अंदाज नको, माप कळवा.

तुमचा,
नागोजी

निपाणी, ता. १९ मार्च १९८४

नागोजीराव,

पाव्हणं, एवढं रागावता होय? कोल्हापूरचं मी सहज लिहिलं. तंबाखूच्या दलालाला भाव पाडून बोलायची सवय लागते, घरच्या माणसाशी सुद्धा.

जोतिबाला विचारलं. तो काही गडबडीत होता, पण चिमटीनं दाखवलं त्यानं. एक सूत धरा.

आता गंमत ऐका. आमचा ड्रायव्हर भरमा. तो काडीपेटी बाळगत नाही, तापलेल्या इंजिनालाच बिडी टेकवून पेटवतो, हे तुम्ही पाहिलंय. जोतिबानं एका जीपला बसवलेल्या नमुन्याच्या पाइपाला त्यानं बिडी लावली. ओढतोय, ओढतोय, गाल आत गेले, बिडी काय पेटेना. शेवटी म्हणतो कसा, "मालक, ह्यो पाइप न्हाय, माठ हाय!" आमच्या वखारीतल्या बायका हसून हसून लोळल्या.

माल चोख आहे. तुम्ही बंच तेवढा करून पाठवा. आणि तुमचा तो 'ना' चा शिक्का दर वेळी आतल्या बाजूला मारता, तो यंदा बाहेरून, दिसेल असा मारा. बाकी क्षेम.

मारुतीराव

कंग्राळी, ता. ८ एप्रिल १९८४

दाजी,

बंच रवळूच्या टेम्पोतून पाठवला आहे. गोणपाटात गुंडाळलाय, तारेनं बांधलाय. सोडताना तार कापू नका, पीळ उलटा फिरवा.

ॲम्बॅसडरच्या हेडाला धुराची तोंडं तीन. मधलं तोंड दोन सिलिंडरांना सामाईक. कोल्हापूरचे लोक तीनही पाइप सारखेच करतात, कारण त्यांना ते दिसायला बरं दिसतं. मी मधला वेगळा केलाय. वाकवताना पाइपात भाजून कोरडी केलेली वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं लाकडी गुडद्यांनी बंद केली आणि भट्टीवर लाल करून हळू वाकवला. कुठल्याही वळणावर बोट फिरवा, चपटं लागणार नाही. लागलं तर परत पाठवा, गाडीभाडं माझं.

आता माप. या इंजिनाला दीड इंची नळी लागते, त्यापेक्षा मोठी घालायची नाही. मोठ्या नळीत धुराचा जोर मोडतो आणि गाडी चढाला मरते. पण तुमचं अस्तर एक सूत. नळीला दोन्ही अंगांनी धरून दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा त्यात जाणार. म्हणून मी नळी पावणेदोन इंची घेतली आहे. आतून अस्तर झालं की बरोब्बर दीड इंच उरेल. अस्तराशिवाय हा बंच गाडीला एक दिवसही लावायचा नाही. हे जोतिबाला वाचून दाखवा.

शिक्का बाहेरून मारला आहे. का, ते तुम्हाला माहीत.

नागोजी

निपाणी, ता. २ मे १९८४

नागू,

तुझे दाजी लिहिणार न्हाईत, म्हणून मी लिहिते. माझी चौथीची शाळा, चुकलं तर हसू नको.

परवा आमच्या शामूभावजींच्या पोरीची सुपारी होती, संकेश्वरला. गाडीत आम्ही सहा माणसं, वर फळांच्या करंड्या. तवंदी घाट लागला आणि गाडीचं अंगच गेलं बघ. बंद पडली न्हाय, ते खरं. पेट्रोलबी उकळलं न्हाय. पण भरमा पाय दाबतोय आणि गाडी नुसती वरडतीया, पुढं सरकत न्हाय. शेवटी हे म्हणाले, "उतरा समदी." नवं इरकल नेसून मी घाट पायी चढले. तंबाखूची बोदं भरलेला ट्रक आम्हाला मागं टाकून गेला. त्यातला क्लीनर वाकून म्हणतो, "मावशी, दावं बांधून वढा की गाडीला!"

आणि शामूभावजी, तुला माहीत हाय त्यांची जीभ. सगळ्या पाव्हण्यांच्या देखत म्हणाले, "वैनी, तुमच्या भावानं पाइप केलाय न्हवं? मग ढकलायलाबी त्यालाच बलवा." तिथं सुपारीच्या घरात कोण बोलणार? मी गिळलं. हेबी गिळून बसले.

आता दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे ते अस्तर. तुझी पत्रं मी वाचते, म्हणून मुद्दाम बॉनेट उघडायला लावून बघितलं. आतनं काय न्हाय नागू. वरनं लावलंय, राखेच्या रंगाचं, कागदाएवढं. आतला पाइप उघडा लोखंडाचाच हाय.

दुसरी गोष्ट तुझ्या दाजींनी तुला कळू दिली न्हाय. संक्रांतीपासून हे जोतिबाच्या धंद्यात भागीदार झालेत. हायवेवर बोर्ड लावलाय, कन्नडात आणि इंग्रजीत. तुझ्या शिक्क्याचा माल देतो म्हणून ह्यांनी वखारवाल्यांना शब्द दिलाय. जमेल का असं तुला उगंच विचारलं न्हवतं. तू चिडशील आणि इरेला पडून करशील, हे त्यांना ठावं होतं.

मी हे लिहिलं ते त्यांना सांगू नको. आणि सांगितलंस तरी मी भीत न्हाय.

तुझी आक्का,
जयाबाई

कंग्राळी, ता. २० मे १९८४

दाजी,

गेल्या रविवारी मी निपाणीला येऊन गेलो. आक्का म्हणाली, तुम्ही चिकोडीला गेलाय. गाडी दारात होती. भरमा ओट्यावर होता. तुमच्या कोल्हापुरी चपला उंबऱ्याबाहेर होत्या आणि माडीवर कुणीतरी खोकत होतं. चिकोडीला अनवाणी आणि पायी गेलात म्हणायचं. बरं.

मग मी जोतिबाच्या शेडमध्ये गेलो. माणूस नम्र आहे, खुर्ची पुसून दिली. मी विचारलं, "अस्तर कुठाय?"

"हे काय अण्णा, लावलंय की."

"हे वरनं आहे."

"मग? अस्तर म्हणजे पहिला हात. त्याच्यावर दुसरा हात. मग भट्टीत भाजायचं."

"आणि एक सूत?"

त्याला कळेचना. म्हणाला, "सूत कुठलं? मारुतीरावांनी जाडी विचारली, मी चिमटीनं दाखवलं, एवढंसं, अगदी एवढंसं असतंय म्हणून."

तुम्ही त्या चिमटीचं सूत केलंत. तंबाखूच्या पानाला तुम्ही नुसता हात लावून ओल सांगता, ते मी मानतो. पण लोखंड तंबाखू नव्हे.

शिंप्याचं अस्तर आत असतं. कोटाचं, पेटीचं, गादीचं, चपलेचं, सगळ्यांचं आत असतं. रंगारी भिंतीला पहिला हात देतो त्यालाही अस्तर म्हणतात, हे मला कळत नाही असं नाही. पण पाइपाला रंगारी लागतो हे मला कुणी सांगितलं? मी सरळ लिहिलं होतं, आतून अस्तर झालं की दीड इंच उरेल. ते पत्र तुम्ही जोतिबाला वाचून दाखवलंत का? नाही दाखवलंत. त्यानंच सांगितलं. गोणपाट सोडलं, शिक्का बाहेर आहे का पाहिलं, आणि संपलं.

माझ्या हातून आजवर एक वेडंवाकडं काम बाहेर गेलेलं नाही. आता गेलं. पावणेदोन इंची, ॲम्बॅसडरला. ज्याला या कामातलं काही कळतं तो बॉनेट उघडून बघणार, वर माझा 'ना' बघणार आणि म्हणणार, कंग्राळीच्या नागोजीला नळीचं माप कळत नाही. मला त्या विचारानं जेवण जात नाही. शिसारी येते. आक्का घाट चालत चढली, त्याची वेगळी.

आता तुम्ही जे पहिल्यांदा विचारलं होतं, ते. जोतिबाचा हा वरचा लेप करण्यासारखा आहे का. मी बघितल्याशिवाय बोलत नाही. तिथंच इंजिन तापवून घेतलं आणि भरमासारखी बिडी माझ्या हातानं लावून पाहिली. साध्या पाइपाला लागली. लेप दिलेल्याला लागली नाही. बॉनेटखालची धग खरोखर कमी आहे, पंपावर हात ठेवता येतो. जोतिबाचा लेप खोटा नाही, हे मी लिहून देतो. पण धग बाहेर पडत नाही म्हणजे ती पाइपातच राहते. तुमची गाडी घर ते वखार, वखार ते घर. पाइप धड तापतो न तापतो तोच थंड होतो, आत पाणी सुटतं, वरून गंज दिसत नाही आणि आतून पत्रा खाल्ला जातो. ज्याला दिवसभर लांब गाडी पळवायची, आणि ज्याचा बंच मापाचा आहे, त्यानं लेप जरूर द्यावा. तुम्ही कंपनीचा बिडाचा तुकडा परत बसवा. पंप आणि त्याच्या मध्ये मी एक पत्रा वाकवून देतो, त्यावर फडकंसुद्धा लागणार नाही.

तो बंच परत पाठवा. मला तो कापायचा आहे. नवा हवा असेल तर मापाचा करून देईन, फुकट.

नागोजी

निपाणी, ता. ३ जून १९८४

नागोजीराव,

पत्र मिळालं. खोकला बरा आहे.

बंच परत पाठवू शकत नाही आणि का पाठवू शकत नाही ते ऐकाल तर तुमचा राग जाईल. घाटाचं सोडा. घाट दोन मैलांचा, हायवे पुण्यापर्यंत आहे. परवा आम्ही कोल्हापूरला गेलो. सपाटीला गाडी काय पळते म्हणता! आणि आवाज! कागलच्या नाक्यावर लोक चहा टाकून बघायला आले. इथल्या वखारवाल्यांची पोरं आता रोज दारात उभी आहेत. "काका, आम्हाला अस्साच पायजे. हाच आवाज." मी म्हटलं, मापाचा करून देतो. तर नको म्हणतात! अस्साच, मोठ्या नळीचा.

म्हणजे तुम्ही जी चूक म्हणता, तिला गिऱ्हाईक आहे. चूक कुठली मग? देवानं दिलं आणि तुम्ही तोंड फिरवताय.

जोतिबा आणि मी पुढच्या पंधरवड्यात कंग्राळीला येतो. बोलणं तोंडी करू, कागदावर नको. एवढंच लिहून ठेवतो की तुमच्या नावावर मी चार ठिकाणी शब्द टाकलाय. तो पडला तर मला कंग्राळीची वाट राहणार नाही. आणि मला राहिली नाही तर तुमची आक्का पंचमीला एकटी कशी येईल, याचा विचार करावा.

मारुतीराव

कंग्राळी, ता. २४ जून १९८४

आक्का,

दाजी आणि जोतिबा काल येऊन गेले. घरी आल्यावर त्यांनी तुला काय सांगितलं असेल ते असेल. झालं ते असं झालं.

तुझ्या वहिनीनं पोहे केले होते. दाजींनी बशी हातात घेतली नाही. आधी बोलू म्हणाले. जोतिबानं मात्र खाल्ले. मी म्हटलं, बोला.

दाजी म्हणाले, "नागोजीराव, तुम्ही हाताला सोनं लागलेला माणूस. पण शेडमध्ये बसून किती जणांना ठावं तुमचं नाव? मी ते पुण्यापर्यंत नेतो."

मी म्हटलं, "कुठलं नाव? माप चुकणाऱ्याचं?"

"अहो, गाडी पळते न्हवं!"

"दाजी, गाडी पळत नाही. वरडते. तुमची गाडी सपाटीला आधीपण तेवढीच पळत होती. तेव्हा आवाज नव्हता म्हणून तुम्ही वेगाच्या काट्याकडं बघत नव्हता, आता बघताय." मग मी जोतिबाला विचारलं, "तू सांग. तुझ्या हातची गाडी असती तर हा बंच लावला असतास?"

जोतिबा खाली बघून म्हणाला, "माझी असती तर दीड इंची लावला असता, अण्णा." तो खोटं बोलू शकत होता, बोलला नाही. त्या पोरांचं मला काही वाटत नाही, त्यांना आवाज हवाय. जोतिबाचंही फार वाटत नाही, त्याचा लेप खरा आहे. मला किळस आली ती दाजींच्या चेहऱ्याची. जोतिबानं कबूल केलं तरी तो चेहरा जसाच्या तसा होता. चूक आहे हे त्यांना कळत होतं, आक्का. आधीपासून कळत होतं. फक्त ती कुणाच्या नावानं जाते, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी म्हटलं, "माझा शिक्का नको असेल तर करा. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माप मी कुणाला विकलेलं नाही, कुणीही करू शकतो."

दाजी म्हणाले, "शिक्का न्हाय तर गिऱ्हाईक न्हाय. 'ना' बघूनच घेतात. शिक्क्याचेच पैसे हायत, पाइपाचे न्हायत." आणि मग, तू माझी मोठी बहीण म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं, मग म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या संसाराचा तरी इचार करा."

तुझं नाव त्या बोलण्यात आलं तेव्हा मी उठलो. आवाज चढवला नाही. तुला मी ओळखतो. घाट चढलीस ती माझ्या पाइपानं, पण गप्प राहिलीस ती माझ्यासाठी. पंचमीला तुला आणायला मी स्वतः येईन, बसनं. दाजींनी दार लावलं तर ओट्यावर बसेन. शामूभावजींना सांग, ढकलायला आलोय.

भंगारातून काढलेला कंपनीचा बिडाचा तुकडा आणि मधला पत्रा रवळूच्या टेम्पोतून धाडलाय. भरमाला दोन्ही बसवता येतील, पत्र्यावर खूण करून दिली आहे. तो बंच दाजींनी परत दिला नाही. तो हायवेवर कुठंतरी माझ्या नावानं वरडत फिरणार, त्याला माझा इलाज नाही. पण एकच फिरेल.

पैशाचा आकडा दाजी तुला कमी करून सांगतील, नाहीतर जास्त करून. म्हणून खरा लिहितो. साठ बंच करायचे, सगळे पावणेदोन इंची, चढाला मरणारे. शिक्का बाहेरून. कुणी विचारलं तर हेच माप बरोबर आहे, असं मी तोंडानं सांगायचं. त्याबद्दल सदतीस हजार पाचशे रुपये, अर्धे त्यांनी पोह्यांच्या बशीशेजारी काढून ठेवले होते. मी नको म्हटलं.

नागू